कावडीचा डोंगर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर मला आठवी-नववीत भूगोल शिकवायला होते. वर्गात ते ओल्या मातीचा डोंगर करायचे, त्याच्या माथ्यावर तांब्याने बारीक धार धरायचे आणि एखाद्याला उभा करून विचारायचे, ‘‘पाणी कुठून ढळलं? बोट ठेव.’’ बोट चुकलं की डोंगर मोडून पुन्हा करायचे. आम्ही मागच्या बाकांवर हसायचो. पुढे मी इतिहासाकडे वळलो आणि पुष्कळ वर्षांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं एक निकालपत्र वाचताना तो तांब्या एकदम डोळ्यांपुढे आला. दोन देशांचे नामांकित वकील, नकाशांचे जाणकार आणि बारा न्यायाधीश नेमका तोच प्रश्न पुढ्यात घेऊन बसले होते: पाणी कुठून ढळलं?

ते दोन देश म्हणजे थायलंड आणि कंबोडिया. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

दोघांच्या मध्ये एक लांबलचक डोंगररांग आहे, डांगरेक. ख्मेर भाषेत डांगरेक म्हणजे कावड; खांद्यावर आडवी घेऊन दोन्ही टोकांना ओझं लटकवायची ती. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा डोंगर चटकन समजतो. उत्तरेला, थायलंडच्या अंगाला, तो आपल्या देशावरच्या मुलखासारखा सावकाश उतरत जातो. दक्षिणेला, कंबोडियाच्या अंगाला, ताशीव कडा आणि खाली कोकणासारखी सपाटी. ज्यांनी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिला आहे त्यांनी क्षणभर अशी कल्पना करावी, की त्या कड्याच्या अगदी टोकाला शंकराचं भलं मोठं देऊळ आहे. देवळाची पायऱ्यांची वाट देशावरून चढत येते. आणि गाभाऱ्याच्या मागे भिंत संपली की सुमारे पाचशे मीटरची दरी. हे देऊळ म्हणजे प्रेआह विहेअर. थाई माणसं त्याला फ्रा विहान म्हणतात. दोन्ही नावांतला ‘विहार’ आपल्या ओळखीचा. शिलालेखांत इथल्या देवाचं नाव शिखरेश्वर आहे. बांधकाम बऱ्याच पिढ्या चाललं, पण आज दिसतं त्यातलं मुख्य काम अकराव्या-बाराव्या शतकातल्या ख्मेर राजांचं, पहिल्या आणि दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या काळातलं.

डोंगराच्या धारेवर पाणी जिथे दुभंगतं तीच सीमा, असं १९०४ साली कागदावर ठरलं. थायलंड म्हणतो, या हिशेबाने देऊळ आमचं, कारण कड्याच्या टोकापर्यंतची जमीन आमच्याकडे उतरते. तरीही देऊळ आज कंबोडियाचं आहे. ते कसं, हे पुढे येईल. पण त्याआधी एक गोष्ट मांडून ठेवतो. वर्तमानपत्रांत हा प्रश्न ‘सीमावाद’ म्हणून येतो, आणि सीमावाद म्हटलं की आपल्या मनात दोन परके येतात. मला ही भाऊबंदकी वाटते. भाऊबंदकी बांधावरून सुरू होते, पण आत खदखदत असतो तो वेगळाच प्रश्न: थोरल्या वाड्याचा खरा वारस कोण?

तो थोरला वाडा म्हणजे अंगकोर.

अंगकोरवाटच्या दक्षिणेकडच्या दालनात सैन्याच्या मिरवणुकीचा एक लांब शिल्पपट आहे. बाराव्या शतकातला. राजा दुसरा सूर्यवर्मा हत्तीवर, त्याचे सरदार, त्यांची पथकं, सगळं कसं शिस्तीत. मात्र त्यात एक पथक वेगळं उठून दिसतं. यांचे कपडे निराळे, डोक्यावरचे तुरे निराळे, आणि चालण्यातही ती कवायत नाही. बाजूला कोरलं आहे, ‘स्याम कुक’. बरेच अभ्यासक हे सयामी, म्हणजे आजच्या थाई लोकांचे पूर्वज, असं मानतात. तसं असेल तर ही आपल्याला दिसणारी त्यांची सर्वांत जुनी तसबीरच म्हणायची, आणि ती काढली आहे ख्मेर शिल्पकाराने, धन्याच्या फौजेतले जरा गबाळे शिपाई म्हणून.

पुढे दीड-दोनशे वर्षांत पारडं फिरलं. सुखोथाई उभं राहिलं, मग १३५१ मध्ये अयुथ्या. हे नाव अयोध्येवरून घेतलेलं. १४३१ मध्ये अयुथ्येच्या फौजेने अंगकोर जिंकलं. पण जिंकून नेलं काय? सोनंनाणं आणि कैदी तर नेलेच. त्यांच्याबरोबर दरबारी ब्राह्मण, कारकून, कलावंत गेले, आणि राजाला देव मानण्याची सगळी पद्धत गेली. थाई लिपी ख्मेर लिपीवरूनच बेतलेली होती. थाई राजाशी किंवा राजाविषयी बोलताना जी खास दरबारी भाषा वापरतात, ती ख्मेर आणि संस्कृत शब्दांनी भरलेली आहे. मध्य थायलंडात धर्मग्रंथ कैक शतकं ख्मेर वळणाच्या लिपीत लिहिले जात, आणि आजही तिथला गोंदणारा अंगावर यंत्र गोंदतो तेव्हा अक्षरं त्याच वळणाची काढतो. म्हणजे हरलेला घरात शिरून बसला आणि जिंकणारा त्याच्याच भाषेत आपल्या राजाची स्तुती करू लागला. थाई शाळांत हा भाग फार बोलला जात नाही आणि कंबोडियात याशिवाय दुसरं फारसं बोललं जात नाही, असं मी म्हटलं तर दोन्हीकडचे लोक माझ्यावर रागावतील. रागावू देत.

त्या लुटीतल्या काही वस्तूंची हकीकत सांगण्याचा मोह मला आवरत नाही. अंगकोरहून नेलेल्या लुटीत काशाच्या मोठ्या मूर्ती होत्या: द्वारपाल, सिंह, ऐरावत. त्या अयुथ्येला गेल्या. १५६९ मध्ये ब्रह्मदेशच्या बायिन्नाँगने अयुथ्या घेतली, तेव्हा त्या पेगूला गेल्या. सोळावं शतक संपता संपता आराकानच्या राजाने पेगू लुटलं आणि मूर्ती आराकानात आल्या. १७८४-८५ मध्ये ब्रह्मी राजाने आराकान जिंकलं आणि महामुनी बुद्धाच्या मूर्तीबरोबर याही उचलल्या. आज त्यातल्या सहाच उरल्या आहेत, मंडालेच्या महामुनी मंदिरात. लोक तिथे येतात आणि आपलं जे अंग दुखत असेल, मूर्तीचं तेच अंग चोळतात. पोट दुखत असेल तर पोट, गुडघा असेल तर गुडघा. चोळून चोळून काही ठिकाणी धातू झिजून खळगे पडले आहेत. आग्नेय आशियातल्या राज्यांचे परस्परसंबंध शिकवायला मला या सहा मूर्तींहून चांगलं पुस्तक सापडलेलं नाही.

अंगकोर सोडून ख्मेर राजे दक्षिणेला सरकले. पुढे लोंगवेकला राजधानी आली. १५९४ मध्ये अयुथ्येच्या नरेसुआनने लोंगवेकही घेतलं. या पराभवाची कंबोडियात एक लोककथा आहे. लोंगवेकभोवती दाट बांबूचं बेट होतं. सयामी फौजेला ते भेदता येईना. तेव्हा त्यांनी तोफांतून गोळ्यांऐवजी चांदीची नाणी डागली. नाणी बेटात विखुरली. सयामी परत गेले आणि लोकांनी नाणी वेचण्यासाठी स्वतःच्याच हातांनी बांबू तोडून काढले. पुढच्या खेपेला फौज सरळ आत आली. नगरात प्रेआह को आणि प्रेआह केओ, म्हणजे दैवी बैल आणि दैवी रत्न, यांच्या मूर्ती होत्या. त्यांच्या पोटात सगळी विद्या, सगळे ग्रंथ साठवलेले. सयामींनी त्या पळवल्या आणि तेव्हापासून आपल्याकडची विद्या त्यांच्याकडे गेली, असं ही कथा सांगते. इतिहास म्हणून ती टिकणार नाही. पण शेजारी पुढे का गेला आणि आपण मागे का राहिलो, याचा एका समाजाने स्वतःपुरता लावलेला अर्थ म्हणून ती फार मोलाची आहे. शिवाय तिच्यात बांबू तोडणारे हात आपलेच होते, ही कबुलीही आहे.

अठराव्या शतकाच्या शेवटी कंबोडियाच्या पूर्वेला व्हिएतनाम आणि पश्चिमेला सयाम, असे दोन बलदंड शेजारी उभे राहिले. मराठेशाहीच्या कागदांत एक शब्द भेटतो, दुअंमल. एकाच मुलखावर दोघांचा अंमल, रयतेने दोघांनाही द्यायचं. कंबोडियाचा राजा असा दुअंमलाखाली होता. बँकॉकलाही नजराणा, व्हिएतनामच्या दरबारालाही. राज्याभिषेकाला एकाने मुकुट द्यायचा, दुसऱ्याने शिक्का. १७९४ मध्ये राजा आंग एंगचा अभिषेक झाला तो बँकॉकमध्येच, आणि त्याच सुमारास बट्टाम्बांग आणि अंगकोरचा मुलूख सयामने आपल्या मर्जीतल्या ख्मेर सरदाराच्या हाती दिला. १८३०च्या दशकात व्हिएतनामच्या मिन्ह मांग बादशहाने कंबोडिया जवळजवळ गिळलाच होता. आंग मेय नावाच्या राणीला गादीवर बसवून कारभार व्हिएतनामी अधिकारी पाहत. मग बंड, मग सयाम-व्हिएतनाम लढाई, मग दमछाक. शेवटी १८४८ मध्ये राजा आंग दुओंगचा अभिषेक झाला, दोन्ही शेजाऱ्यांच्या संमतीने. हा आंग दुओंग स्वतः कितीतरी वर्षं बँकॉकमध्ये राहिलेला. त्याचा मुलगा नोरोदोम तिथेच वाढला, तिथेच भिक्षू झाला.

या दुअंमलाला रेषा नव्हती. मुलूख कोणाचा, तर तिथला सरदार ज्याला नजराणा देतो त्याचा. दोघांना देत असेल तर दोघांचा. इतिहासकारांनी या व्यवस्थेला ‘मंडल’ असं नाव दिलं, आणि तो शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला म्हणून आपल्याला बरंही वाटतं. पण दिव्याच्या उजेडासारखी ही सत्ता. जवळ लख्ख, दूर मंद, आणि दोन दिव्यांच्या मध्ये दोघांचाही उजेड. मी या व्यवस्थेचं गुणगान करतो आहे असं समजू नका. माणसं कमी आणि जमीन मुबलक असलेल्या त्या मुलखात लढाईचा खरा ऐवज म्हणजे माणसं; गावंच्या गावं उठवून सयामला नेली जात.

यात फ्रेंच आले. १८६३ मध्ये नोरोदोमने फ्रान्सचं संरक्षण स्वीकारलं, आणि जुन्या सवयीने त्याच वर्षी सयामशीही गुपचूप वेगळा करार केला. एकाला देऊन दुसऱ्यालाही द्यायचं, हीच तर त्याच्या घराण्याची रीत. पण फ्रेंचांना दुअंमल कळत नव्हता. नोरोदोमचा मुकुट बँकॉकमध्ये अडकून पडला होता. तो आला तेव्हा, १८६४ मध्ये, अभिषेक पार पडला. १८६७ च्या तहाने सयामने कंबोडियावरचा हक्क सोडला. बदल्यात बट्टाम्बांग आणि अंगकोरचा मुलूख फ्रान्सने सयामचा म्हणून मान्य केला. याबद्दल नोरोदोमला कोणी विचारलं नाही.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. सयामचा राजा मोंगकुट याच्या मनात आलं, की एखादं ख्मेर देऊळ दगड न् दगड सुटा करून बँकॉकला आणून उभं करावं. हुकूम सुटला, माणसं गेली, पण ते जमलं नाही. मग त्याने अंगकोरवाटची दगडी प्रतिकृती करायला सांगितली. बँकॉकच्या राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात ती आजही आहे. भोवतीच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलं आहे. पर्यटक तिथे वळतात, आणि ही प्रतिकृती उन्हात बसलेली असते. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो. दुसऱ्याच्या वाड्याची प्रतिकृती माणूस स्वतःच्या देवघरात कधी ठेवतो? जेव्हा तो वाडा आपलाच असं त्याला मनापासून वाटत असतं.

आता नकाशा. १८९३ मध्ये फ्रेंच गनबोटी थेट बँकॉकपर्यंत चढल्या आणि मेकाँगच्या डाव्या तीरावरचा मुलूख सयामला सोडावा लागला. १३ फेब्रुवारी १९०४ च्या तहात डांगरेकवरची सीमा जलविभाजक रेषेने जाईल असं ठरलं आणि मोजणीसाठी दोघांचं संयुक्त मंडळ नेमलं. फ्रेंचांच्या बाजूला कर्नल बेर्नार. १९०७ मध्ये दुसरा तह झाला आणि बट्टाम्बांग, सिसोफोन, सिएम रीप सयामने सोडलं. म्हणजे अंगकोर शंभराहून अधिक वर्षांनी परत कंबोडियात, पण फ्रेंचांच्या हाती. नकाशे काढायला सयामकडे यंत्रं आणि माणसं नव्हती, म्हणून ते काम सयामनेच फ्रेंच अधिकाऱ्यांना सांगितलं. नकाशे पॅरिसला छापले गेले, दोन लाखांस एक या प्रमाणात. त्यातल्या डांगरेकच्या पानावर रेषा देवळाच्या उत्तरेने गेली होती. देऊळ कंबोडियात.

१९०८ मध्ये हे नकाशे बँकॉकला पोहोचले. सयामने काय करावं? तेव्हाचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग. थाई इतिहासलेखनाचे जनक मानतात त्यांना, आणि ते मानणं रास्तच आहे. त्यांनी फ्रेंच वकिलाचे आभार मानले आणि प्रांतांच्या सुभेदारांना वाटण्यासाठी प्रत्येक नकाशाच्या आणखी पंधरा प्रती मागवल्या.

या पंधरा प्रतींवर मी थांबणार आहे. वसाहतवाद्यांनी रेषा ओढल्या आणि आपण भोगतो आहोत, हे आपण सगळेच म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही. पण सयाम कोणाची वसाहत नव्हता. त्यालाही रेषा हवी होती. राजा चुलालोंगकोर्न आणि दामरोंग मिळून सुभे, जिल्हे, मोजणी, महसूल असलेलं नवं राज्य उभं करत होते. जुन्या दिव्याच्या उजेडातून बाहेर पडून त्यांना सातबारा हवा होता. फ्रेंचांनी तो लिहून दिला, यांनी सही न करता खिशात ठेवला आणि वर जादा प्रती मागितल्या. पुढे जे झालं ते पाहता, त्या पंधरा प्रतींइतके महाग कागद थायलंडने क्वचितच कधी घेतले असतील.

१९३० मध्ये दामरोंग स्वतः देवळाला गेले. वरती फ्रेंच रेसिडेंट पूर्ण गणवेशात स्वागताला उभा, फ्रेंच झेंडा फडकतो आहे. दामरोंग यजमानाकडे पाहुण्याने वागावं तसे वागले, परतल्यावर छायाचित्रंही पाठवली. १९३४-३५ मध्ये सयामने स्वतः मोजणी केली. नकाशाची रेषा आणि पाण्याची धार जुळत नाही हे तेव्हा ध्यानात आलं. तरी पुढेही सरकारी नकाशांत देऊळ कंबोडियातच छापलं जात राहिलं. कचेरीतल्या माणसाला जुना ठसा बदलायचा कंटाळा येतो, हे तुम्ही-आम्ही जाणतो.

१९३९ मध्ये पंतप्रधान फिबुन सोंगक्रामने देशाचं नाव सयामचं थायलंड केलं. फ्रान्स हिटलरपुढे कोसळल्यावर १९४०-४१ मध्ये थायलंडने फ्रेंचांशी लढाई केली. १७ जानेवारी १९४१ ला को चांग बेटाजवळ थाई आरमाराने सपाटून मार खाल्ला. पण जपान मध्ये पडला आणि बट्टाम्बांग वगैरे मुलूख थायलंडला मिळाला. अंगकोर मात्र नाही. बँकॉकच्या ज्या विजयस्तंभाभोवती आज बसगाड्यांची गर्दी असते, तो या विजयाचा. १९४६ मध्ये मुलूख परत करावा लागला. स्तंभ राहिला.

९ नोव्हेंबर १९५३ ला कंबोडिया स्वतंत्र झाला. फ्रेंच गेले, १९५४ मध्ये थाई शिपायांनी देवळाचा ताबा घेतला. बोलणी झाली, फिसकटली, वकिलाती बंद झाल्या, आणि ६ ऑक्टोबर १९५९ ला कंबोडिया हेगला गेला. कंबोडियाच्या वकिलांत अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन, थायलंडच्या बाजूला माजी पंतप्रधान सेनी प्रामोज. थायलंडमध्ये खटल्याच्या खर्चासाठी लोकांनी एकेक बात वर्गणी दिली.

१५ जून १९६२. नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाचं ठरलं. तिथून नेलेल्या वस्तू परत द्याव्यात, हे सात विरुद्ध पाच मतांनी. आणि सरांना जे ऐकून वाईट वाटलं असतं ते असं, की न्यायालयाने पाणी कुठून ढळतं हा प्रश्न सोडवलाच नाही. त्याची गरज नाही, असं म्हटलं. नकाशा सयामला मिळाला, चूक असती तर बोलायला हवं होतं, बोलायची संधी होती, तुम्ही गप्प राहिलात. न्यायालयाने तिथे एक लॅटिन वचन दिलं आहे. आपल्याकडे त्याला मौनं संमतिलक्षणम् म्हणतात. १९२५ आणि १९३७ चे तह, १९४७ ची सलोख्याची बैठक, प्रत्येक वेळी संधी होती. दामरोंगांची ती भेटही निकालात आली. ऑस्ट्रेलियाचे स्पेंडर, चीनचे वेलिंग्टन कू आणि अर्जेंटिनाचे मोरेनो किंताना विरोधात गेले. मला वकिली कळत नाही, पण स्पेंडर आणि कू यांची मतपत्रं वाचून माणूस अस्वस्थ होतो हे खरं: दारात गनबोटी पाहिलेल्या राज्याच्या मौनाला पूर्ण मोकळ्या माणसाचं मौन समजायचं का?

सरित थनारत तेव्हा थायलंडचे पंतप्रधान. रडतरडत का होईना त्यांनी निकाल पाळला. पण शिपायांनी देवळावरचा थाई झेंडा उतरवला नाही. काठीच मुळापासून उपटली, आणि फडकत्या झेंड्यासकट ती खांद्यावर घेऊन डोंगर उतरले. भावकीच्या वाटणीत हरलेला भाऊ घर सोडताना कसा निघतो, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे दृश्य नवं नाही. जानेवारी १९६३ मध्ये कंबोडियाचे राजपुत्र सिहानुक कड्याकडून, म्हणजे कंबोडियाच्या अंगाने, चढून वर आले आणि थाई लोकांनी व्हिसाशिवाय दर्शनाला यावं असं त्यांनी जाहीर केलं. यायला पायऱ्या थायलंडकडूनच होत्या, हेही खरं.

पुढची वर्षं मी झपाट्याने सांगतो, फक्त एका ठिकाणी थांबून. साम्यवादी ख्मेर रूजने १९७५ मध्ये कंबोडिया ताब्यात घेतला. शेवटची शरणागती याच देवळातल्या तुकडीची. १९७९ च्या आरंभी व्हिएतनामी फौजांनी ख्मेर रूजला हाकललं आणि भुकेने खंगलेले लोक थाई हद्दीकडे लोटले. जूनमध्ये थाई लष्कराने चाळीस हजारांहून अधिक निर्वासितांना बसगाड्यांत घालून प्रेआह विहेअरला आणलं आणि त्या कड्यावरून खाली कंबोडियात ढकललं. खाली सुरुंग पेरलेले होते. मागे बंदुका, पुढे सुरुंग. किती मेले त्याचा नक्की आकडा नाही, हजारोंत होते. जगभर ओरड झाली आणि त्याच वर्षअखेरीस थायलंडने खाओ-इ-दांगसारख्या छावण्या उघडल्या, ज्यांनी असंख्य जीव वाचवले, हेही नोंदवायला हवं. पण देवळाचा निकाल, नकाशे आणि झेंडे यांवर तासभर बोलणाऱ्या माणसाने त्या कड्याखालच्या लोकांचा उल्लेख टाळला, तर त्याने बोलूच नये.

शांतता आली. १९९१ मध्ये पॅरिसचा करार झाला, बाजार फुलले, पोइपेतला जुगाराचे अड्डे उभे राहिले, लाखो ख्मेर मजूर थाई शेतांत, बांधकामांत आणि मासेमारीच्या होड्यांवर जाऊ लागले. आणि तरी जानेवारी २००३ मध्ये एका थाई मालिकानटीने ‘अंगकोरवाट थायलंडचं’ असं म्हटल्याची बातमी नॉम पेन्हच्या एका वृत्तपत्रात आली. तिने असं काही म्हटलं नव्हतं. पण एका संध्याकाळी थाई वकिलात जळाली, आणि आपली माणसं सोडवायला थायलंडला लष्करी विमानं पाठवावी लागली. बघा, भांडण कुठल्या जागेवर पेटलं: सीमेवरच्या कुठल्या खुणेच्या दगडावरून नाही, थोरल्या वाड्यावरून.

२००८ मध्ये युनेस्कोने प्रेआह विहेअर जागतिक वारसा म्हणून नोंदलं. देवळाभोवतीच्या ४.६ चौरस किलोमीटर जमिनीवरून बँकॉकमध्ये राजकारण तापलं. नोंदणीला पाठिंबा देणाऱ्या थाई परराष्ट्रमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. २०११ मध्ये तोफा चालल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने आपल्याच निकालाचा अर्थ सांगितला, की देवळाचं सगळं टेकाड कंबोडियाचं.

रामावरूनही तेच. थायलंडात रामकिएन, कंबोडियात रिआमकेर. थाई राजांना ‘राम’ अशी उपाधी. मुखवटे घालून रामायण नाचायचा प्रकार थायलंडात खोन, कंबोडियात ल्खोन खोल. मूळ कोणाचं यावर इतकी हमरीतुमरी झाली, की २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्ही, वेगवेगळ्या यादीत, नोंदवले. २०२३ मध्ये कंबोडियाने क्रीडास्पर्धेत मुष्टियुद्धाला ‘कुन ख्मेर’ नाव दिलं, म्हणून थायलंडने आपले मल्ल पाठवले नाहीत. आपण भारतीय अशा वेळी मिशीत हसून म्हणतो, ‘दोघांचंही मूळ आमच्याकडे’. हे हसू तिकडे कोणाला आवडत नाही. भावांच्या भांडणात आजोबांची बढाई कोणाला ऐकायची असते?

आणि मग २०२५. फेब्रुवारीत ता मोआन थोम या दुसऱ्या एका जुन्या देवळात कंबोडियन पर्यटकांनी आपलं राष्ट्रगीत म्हटलं, थाई शिपायांनी अडवलं. मेमध्ये चकमकीत एक कंबोडियन सैनिक मेला. जूनमध्ये थायलंडच्या तरुण पंतप्रधान पेतोंगतार्न शिनवात्रा यांनी कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांना फोन केला. त्यांचे वडील, थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन, आणि हुन सेन यांची जुनी दोस्ती. इतकी, की २००९ मध्ये परागंदा थाकसिनना हुन सेननी आपले आर्थिक सल्लागार नेमलं होतं. मुलीने घरोब्याच्या सुरात ‘अंकल’ म्हणत बोलणं केलं आणि आपल्याच लष्करातल्या एका सेनापतीबद्दल तक्रारीचा सूर काढला. अंकलनी संभाषण ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. ते बाहेर आलं. १ जुलैला पंतप्रधानांना न्यायालयाने निलंबित केलं, २९ ऑगस्टला पदावरून काढलं. तोवर २४ जुलैला लढाई पेटली होती. पाच दिवसांत डझनावारी माणसं मेली, तीन लाखांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. २८ जुलैला मलेशियात शस्त्रसंधी, ऑक्टोबरमध्ये क्वालालंपूरला अमेरिकेच्या अध्यक्षांसमोर सह्या, डिसेंबरमध्ये पुन्हा विमानं आणि तोफा, २७ डिसेंबरला पुन्हा शस्त्रसंधी. दुअंमलाच्या काळात मुकुट एका शेजाऱ्याकडून यायचा आणि शिक्का दुसऱ्याकडून. आता शस्त्रसंधीच्या सहीला पाहुणे लागतात.

कंबोडियाच्या सरकारी कागदांत अजूनही तो दोन लाखांस एक प्रमाणाचा नकाशा आहे. थायलंड मोजणीसाठी पन्नास हजारांस एक प्रमाणाचा नकाशा पुढे करतो. नकाशाचं प्रमाण जितकं बारीक, तितकी देवळं या किंवा त्या बाजूला सरकतात.

रेषेच्या उत्तरेला थायलंडचे सुरिन, बुरीराम आणि सीसाकेत हे प्रांत. तिथल्या दहा लाखांहून अधिक लोकांच्या घरात बोलली जाते ती ख्मेरच, थोड्या वेगळ्या वळणाची. थाई शाळेत शिकलेले, थाई पासपोर्टचे, थाई सैन्यात भरती होणारे हे लोक. जुलैत तोफगोळे पडले तेव्हा सुरिनच्या गावांत सिमेंटच्या मोठ्या नळांचे आडोसे करून लोक आत बसले होते. त्या नळांत म्हाताऱ्या नातवंडांना ज्या भाषेत गप्प करत असतील, तीच भाषा पलीकडच्या तोफेजवळच्या शिपायाची.

शिखरेश्वराचं तोंड उत्तरेला आहे. पायऱ्या उत्तरेला उतरतात, थायलंडकडे, आणि २००८ पासून तिकडचं फाटक बंद आहे. कंबोडियाने मग दक्षिणेकडून, कड्याच्या अंगाने, वर जाणारा रस्ता केला. इतका उभा चढ, की आपली गाडी खाली ठेवून लोक पिकअपमध्ये किंवा मोटारसायकलच्या मागे बसून वर जायचे. मग मागच्या दाराने घरात शिरल्यासारखे देवळात यायचे, आणि समोरून कसं दिसतं ते पाहायला पायऱ्यांपर्यंत चालत जाऊन मागे वळायचे.